मुलांना संगणक केव्हा शिकवावा, आणि त्यातले काय आधी

मुलाला संगणक कोणत्या वयापासून शिकवावा, हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो आणि विचारणाऱ्याला उत्तरादाखल बहुतेक वेळा एक आकडा हवा असतो. मी बरीच वर्षे मुलांना संगणक शिकवत आलो आहे, त्यामुळे माझ्यापाशी असा आकडा तयार असेल, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की आपण ज्याला सरसकट ‘संगणक येणे’ म्हणतो, त्यात एकमेकांशी फारसे नाते नसलेली अनेक कामे एकत्र बांधलेली असतात. माऊसचा बाण हव्या त्या चित्रावर नेऊन नेमका थांबवणे हे हाताचे काम आहे. कळफलकाकडे न पाहता लिहिणे हे बोटांच्या सवयीचे काम आहे. केलेले काम कुठे साठवले आणि उद्या ते कुठे सापडेल हे कळणे हे वर्गीकरणाचे काम आहे. आणि पडद्यावर जे लिहिले आहे त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवणे तर अनेक मोठ्या माणसांनाही न साधलेले विवेकाचे काम आहे. यांतले प्रत्येक काम मुलाला वेगळ्या वयात जमू लागते, आणि ज्याची वेळ आलेली नाही ते आधी रेटले, तर मूल ते शिकत नाही, फक्त शिकल्यासारखे दिसते.

पहिल्या दोन वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, दुसऱ्या वर्षातही ते टाळावे आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एका तासाची मर्यादा पाळावी, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, असे सांगितले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालील मुलांसाठी जवळपास हेच सांगितले, फक्त दूरच्या आप्तांशी समोरासमोर बोलण्यासाठी केलेला व्हिडिओ कॉल त्यातून वगळला. हा अपवाद विचारपूर्वक केलेला आहे, कारण त्या कॉलमध्ये पलीकडचे माणूस बाळाच्या हसण्याला हसून प्रतिसाद देते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी मँडरिन भाषेत बोलले गेले. प्रत्यक्ष समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ज्या बाळांनी ती भाषा ऐकली, ती तिच्यातले ध्वनी वेगळे ओळखू लागली, पण तेच बोलणे ज्यांना चित्रफितीतून किंवा नुसत्या आवाजातून ऐकवले गेले, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. या वयात बाळाला शिकवणारे साधन म्हणजे समोरचे माणूस, आणि त्याची जागा घेणारे यंत्र अजून तरी कोणी बनवलेले नाही.

खरा गोंधळ त्यानंतर सुरू होतो. दोन-अडीच वर्षांचे मूल बोटाने फोटो सरकवते, हवा तो व्हिडिओ शोधून लावते, जाहिरात आली की ती बंद करण्याचे चिन्हही ओळखते, आणि घरातली मंडळी कौतुकाने म्हणतात की याला आमच्यापेक्षा जास्त येते. हे कौतुक मुलापेक्षा ज्यांनी तो पडदा घडवला त्यांच्या वाट्याला जायला हवे, कारण कोणतीही पूर्वतयारी नसलेल्या माणसालाही वापरता यावा, याच हेतूने त्यांनी तो घडवला आहे. जे यंत्र दोन वर्षांच्या मुलाला शिकल्याशिवाय वापरता येते, ते वापरता येण्याला कौशल्य म्हणणे कठीण आहे. २००१ साली मार्क प्रेन्स्की यांनी या पिढीला ‘डिजिटल नेटिव्ह’ म्हटले आणि तेव्हापासून अशी समजूत रुळली की यंत्रांच्या सहवासात जन्मलेल्या मुलांना यंत्रे आपोआप उमजतात. ही समजूत पडताळून पाहण्याची सोय आता आहे. आठवी इयत्तेच्या विद्यार्थ्यांचे संगणकविषयक आकलन तपासणारी ‘आयसीआयएलएस’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ साली अनेक देशांत झाली, तेव्हा सर्वांत वरची पातळी, म्हणजे माहितीची विश्वासार्हता स्वतः पारखून तिचा उपयोग करण्याची पातळी, जेमतेम दोन टक्के विद्यार्थ्यांनी गाठली. ही सारी मुले स्मार्टफोनच्या काळात वाढलेली होती, म्हणजे सहवासाची उणीव त्यांना खचितच नव्हती.

त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती टॅबलेट देऊन आपण त्याला संगणकाची ओळख करून देत आहोत, अशी समजूत करून घेऊ नये. मनोरंजनासाठी थोडा वेळ द्यायचा असेल तर तो मनोरंजन म्हणूनच द्यावा. त्याला शिक्षणाचे नाव दिले की वेळेची मर्यादा पाळणे मोठ्यांनाच अवघड जाते.

संगणकाशी पहिली खरी ओळख पाचव्या-सहाव्या वर्षी व्हावी, असे माझे मत आहे आणि त्याचे कारण हातात आहे. माऊस मोठ्यांना इतका सोपा वाटतो की त्यात शिकण्यासारखे काही आहे हेच आपण विसरतो. हात टेबलावर आडवा सरकतो आणि बाण पडद्यावर उभा चढतो. नजर हातावर नसते. बाण जागेवर पोहोचला की हात स्थिर ठेवून फक्त एक बोट हलवायचे असते. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या माऊस वापरण्याचा बारकाईने अभ्यास हुआन पाब्लो उर्काडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे दिसते की ही मुले लक्ष्याच्या जवळ बऱ्यापैकी पोहोचतात, पण शेवटच्या टप्प्यात त्याच्या आजूबाजूला घुटमळत राहतात आणि मोठ्यांपेक्षा पुष्कळ अधिक चुकतात. लक्ष्य मोठे असेल तर चुका कमी होतात. यातून निघणारी सूचना अगदी साधी आहे: या वयात पडद्यावरची चित्रे मोठी करून ठेवावीत, बाणाचा वेग सेटिंगमध्ये जाऊन कमी करावा, आणि मुलाच्या हातात मावेल असा लहान माऊस द्यावा. बटण दाबून धरून एखादी वस्तू ओढत नेण्याची क्रिया तर आणखी पुढची आहे. कोरी इंकपेन यांच्या २००१ सालच्या अभ्यासात त्याहून मोठ्या, म्हणजे प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलांनाही ओढून नेण्यापेक्षा एकदा क्लिक करून उचलणे आणि दुसऱ्यांदा क्लिक करून ठेवणे अधिक जलद आणि बिनचूक जमले होते. पाच वर्षांच्या मुलाची चित्रे जुळवण्याच्या खेळात चिडचिड होत असेल, तर त्याला खेळ समजत नाही असे मानण्याआधी बोटाकडे पाहावे.

या काळात रोज बसण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वीस-पंचवीस मिनिटे, आणि शेजारी मोठे माणूस, एवढे पुरते. संगणक सुरू करणे, चित्रे काढण्याचा एखादा साधा प्रोग्रॅम उघडणे, काढलेले चित्र आपल्या नावाने साठवणे, आणि उठताना संगणक रीतसर बंद करणे, एवढा पाठ या वयाला भरपूर आहे. शेजारी बसलेल्या माणसाने माऊस स्वतःकडे घेऊ नये, ही एक सूचना मी पालकांना हटकून करतो. मूल पाच सेकंद अडखळले की आपला हात पुढे जातो. तो मागे ठेवणे हे त्या पाठातले मोठ्यांसाठीचे कौशल्य आहे.

कळफलकाबाबत मात्र मी घाई करू नका असे स्पष्ट सांगतो. कारण त्याआधी हाताने लिहिण्याचे एक मोठे काम व्हायचे असते आणि त्या कामाला बदली देता येत नाही. अक्षर-ओळख न झालेल्या पाच वर्षांच्या मुलांवर कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी केलेला एक लहानसा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांनी काही अक्षरे हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली आणि काही कळ दाबून उमटवली. नंतर तीच अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा वाचनाशी निगडित भाग हाताने स्वतंत्रपणे काढलेल्या अक्षरांसाठी अधिक सक्रिय झालेला आढळला. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये, हे खरे. पण शिकवणाऱ्यांचा अनुभव याच बाजूने आहे. अक्षर काढताना मूल त्याचा आकार स्वतः घडवते, प्रत्येक वेळी थोडा वेगळा घडवते, आणि त्या सगळ्या वेड्यावाकड्या आकारांत समान काय आहे हे त्याला त्यातूनच कळते. कळ दाबल्यावर उमटणारे अक्षर मात्र नेहमी तयार आणि सुबकच असते. फिनलंडने २०१६ सालच्या अभ्यासक्रमातून जोडून लिहिण्याच्या वळणाची सक्ती काढली आणि टंकलेखनाला जागा दिली, याचा दाखला काही जण देतात. परंतु तिथेही सुटी अक्षरे हाताने लिहायला शिकणे रद्द झालेले नाही, हे त्यांच्या सांगण्यातून हमखास गळते.

दहाही बोटांनी, न पाहता लिहिण्याचा सराव आठव्या वर्षाच्या आसपास सुरू करावा. नेहमीच्या कळफलकावर दोन शेजारच्या कळींच्या मध्यांतले अंतर साधारण १९ मिलिमीटर असते आणि ते मोठ्या माणसाच्या पंजाला धरून ठरलेले आहे. सहा वर्षांच्या मुलाने मधल्या ओळीवर आठ बोटे ठेवली, तर वरच्या ओळीपर्यंत पोहोचताना त्याचा सगळा हातच उचलला जातो, आणि एकदा हात उचलण्याची सवय लागली की ती मोडणे नवे शिकवण्यापेक्षा कठीण जाते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० सालच्या सामाईक शालेय मानकांमध्ये चौथीच्या मुलाला एका बैठकीत एक पान टंकलिखित करता यावे अशी अपेक्षा आहे, म्हणजे सराव त्याआधी वर्षभर सुरू व्हायला हवा; माझा अंदाजही याच्याशी जुळतो. दिवसाला दहा मिनिटे पुरतात. वेग मोजणारे खेळ पहिल्या काही आठवड्यांत मुळीच देऊ नयेत, कारण वेगाच्या नादात मुले पुन्हा दोन बोटांवर येतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत इथे आणखी एक प्रश्न उभा राहतो, ज्याचा विचार इंग्रजीतली पुस्तके करीत नाहीत. मूल देवनागरीत लिहायला-वाचायला शिकलेले असते आणि त्याच्यापुढे येतो तो रोमन अक्षरांचा कळफलक. बहुतेक जण रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सोय वापरतात. मोठ्यांना ती सोयीची आहे, पण आठ वर्षांच्या मुलाला तीत एकाच वेळी दोन लिप्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि ‘ळ’ किंवा ‘ण’ साठी कोणते इंग्रजी अक्षर दाबायचे हे पाठ करावे लागते. भारतीय लिप्यांसाठी बनवलेल्या इन्स्क्रिप्ट या कळफलकाची मांडणी मला मुलांच्या दृष्टीने अधिक नीट वाटते. तीत स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला आहेत, व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला. ज्या कळीवर ‘क’ आहे तीच शिफ्टसह दाबली की ‘ख’ मिळतो, आणि तिच्या लगतच्या वरच्या कळीवर ‘ग’ आणि ‘घ’ आहेत. ‘त-थ’वर ‘द-ध’ आणि ‘प-फ’वर ‘ब-भ’ हीच रचना पुढे चालते. ज्या मुलाला वर्णमाला क्रमाने येते, त्याला ही मांडणी दोन दिवसांत उमगते, कारण तिच्यामागचा नियम त्याला आधीच पाठ असतो. रोमन कळफलक त्याला शिकावा लागणारच आहे, तो वर्षभराने शिकवावा. दोन्ही एकदम सुरू करू नयेत, एवढाच माझा आग्रह आहे; कोणता आधी, याबाबत मतभेदाला जागा आहे.

आता कोडिंग. या एका शब्दाने पालकांची जेवढी झोप उडवली आहे तेवढी दुसऱ्या कशाने क्वचितच उडवली असेल. पाच वर्षांच्या मुलाला आज प्रोग्रॅमिंग शिकवले नाही तर ते कायमचे मागे पडेल, असे सुचवणाऱ्या जाहिरातींवर माझा बिलकूल विश्वास नाही. पण लहान मुलांनी यंत्राला आज्ञा देण्याचा विचार करावा, ही कल्पना जाहिरातदारांची नाही आणि ती टाकाऊही नाही. १९६७ साली वॅली फॉयर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली. तिच्यातला कासव पुढे आधी जमिनीवर चालणारे यंत्र म्हणून आला आणि मग पडद्यावरही आला: इतकी पावले पुढे जा, इतके अंश उजवीकडे वळ, आणि जाताना रेघ ओढ. पॅपर्ट यांचे म्हणणे असे की मुलाने कासवाच्या जागी स्वतःला कल्पून, प्रत्यक्ष चालून पाहून, चौकोन म्हणजे काय हे शोधावे. त्यानंतर अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान-विद्यापीठात रेडिया पर्लमन यांनी ज्यांना वाचताही येत नाही अशा मुलांसाठी बटणांची पेटी आणि खाचेत कार्डे लावून आज्ञा देण्याचे यंत्र बनवले. संगणकांच्या जाळ्यातले संदेश गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून वापरली जाणारी पद्धत नंतर याच पर्लमन यांनी शोधली, ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांना मौज वाटते.

या सगळ्या जुन्या प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे, आणि आजच्या कोडिंगच्या वर्गांत नेमकी तीच गळते: मुलाचे शरीर त्यात सामील होते. सहा-सात वर्षांच्या सुमारास मुलाला स्वतःचे डावे-उजवे नीट कळू लागते. समोर तोंड करून उभ्या असलेल्या दुसऱ्याचे डावे-उजवे कळायला त्यानंतर आणखी काही काळ जातो. पडद्यावरचे पात्र खाली तोंड करून चालत असताना ‘उजवीकडे वळ’ म्हटल्यावर ते आपल्या डाव्या हाताला का जाते, हे पाच वर्षांच्या मुलाला समजावता येत नाही. जमिनीवर आखलेल्या चौकटींत त्यालाच कासव करून चालवले, तर ते आपल्या गतीने समजते. न्यूझीलंडमध्ये टिम बेल यांनी इयन विटेन आणि माइक फेलोज यांच्यासह १९९०च्या दशकात ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने संगणकशास्त्राचे जे खेळ रचले, त्यांत संगणक लागतच नाही. कार्डे, दोरी आणि खडू पुरतो. माझ्या मते सात वर्षांपर्यंतचे कोडिंग हे असेच असावे. त्यानंतर पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवण्याचे ‘स्क्रॅच’ हे साधन आहेच. ते २००७ साली एमआयटीच्या मीडिया लॅबने आठ वर्षे आणि पुढच्या मुलांसाठी सर्वांना खुले केले, आणि २०१४ साली पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनियर’ही आले. इंग्लंडने त्याच वर्षी पाच वर्षांपासूनच्या मुलांच्या अभ्यासक्रमात साधा प्रोग्रॅम लिहिणे आणि त्यातली चूक शोधणे यांचा समावेश केला. त्यातला ‘चूक शोधणे’ हा भाग मला प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षाही मोलाचा वाटतो. आपण सांगितले ते यंत्राने तंतोतंत केले आणि तरीही हवे ते घडले नाही, म्हणजे आपल्या सांगण्यातच काही राहिले, ही जाणीव सात वर्षांच्या मुलाला कोणी न रागावता होते, हे थोडके नाही.

नऊ-दहाव्या वर्षी जे शिकवायला हवे आणि जे हल्ली जवळपास कोणीच शिकवत नाही, ते म्हणजे फाइल आणि फोल्डर. मोबाइल आणि टॅबलेट यांनी साठवणुकीची जागा वापरणाऱ्याच्या नजरेआड केली आहे. फोटो फोटोंच्या ॲपमध्ये ‘असतो’, लिहिलेले लिहिण्याच्या ॲपमध्ये ‘असते’, आणि हवे ते शोधायचे तर नाव लिहून शोध घ्यायचा. याचा परिणाम विद्यापीठांपर्यंत पोहोचला आहे. गेल्या काही वर्षांत अभियांत्रिकी आणि विज्ञानाचे प्राध्यापक सांगू लागले आहेत की फाइल अमुक फोल्डरमध्ये ठेवा, या वाक्याचा अर्थच काही विद्यार्थ्यांना लागत नाही. म्हणून नऊ-दहा वर्षांच्या मुलाला शक्यतो टॅबलेट न देता पूर्ण कळफलक असलेला, जुना का होईना, संगणक द्यावा. स्वतःच्या नावाचा एक फोल्डर, त्यात विषयांचे, त्यात वर्षांचे. फाइलला नाव देताना ‘नवीन १’, ‘नवीन २’, ‘शेवटचे’, ‘खरेच शेवटचे’ अशी नावे का देऊ नयेत. फाइल हलवणे आणि तिची प्रत करणे यांत काय फरक. काढून टाकलेली फाइल कुठे जाते आणि तिथून परत कशी आणायची. एकच फाइल दोन ठिकाणी का ठेवावी. हे सगळे शिकवायला रुक्ष वाटते, पण मुलांना ते वाटत नाही, फक्त साठवायला त्यांचे स्वतःचे काही असायला हवे. शिक्षकाने दिलेल्या रिकाम्या फाइली हलवून फोल्डर कोणालाच कळत नाहीत. मुलाने काढलेली पन्नास चित्रे, लिहिलेल्या गोष्टी, जमवलेली पक्ष्यांची छायाचित्रे असली, आणि त्यांतली एक सापडेनाशी झाली, की पुढचा पाठ ते स्वतःच मागून घेते.

याच सुमारास इंटरनेटवर शोधणेही सुरू होते. शोधायला शब्द कोणते द्यावेत हे लवकर येते. आलेल्या उत्तरांतले जाहिरातीचे कोणते, हे सांगून दाखवावे लागते. आणि एकाच प्रश्नाची दोन ठिकाणची उत्तरे ताडून पाहण्याची सवय लागायला दोन-तीन वर्षे जातात. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही आणि काही विचित्र दिसले तर पडदा न लपवता मोठ्यांना दाखवायचे, हे मात्र पहिल्या दिवसापासून, म्हणजे पाचव्या वर्षापासूनच सांगत राहावे. स्वतःचे खाते कधी, असा प्रश्न आला की तेरा हे वय पुढे केले जाते. ते अमेरिकेच्या १९९८ सालच्या कायद्यातून आले आहे. त्यापेक्षा लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करता येत नाही, म्हणून अनेक कंपन्यांनी तेच वय सर्वत्र लावले. यूनेस्कोने २०२३ साली वर्गांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यासाठीही किमान तेरा वर्षे सुचवली. बाराव्या वर्षापर्यंत अपरिपक्व असलेले मूल वाढदिवशी सकाळी परिपक्व होते, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्यातही कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठाम आणि सफाईदार भाषेत देतात, आणि बोलणाऱ्याचा आत्मविश्वास म्हणजे त्याचे ज्ञान असे मानणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ती एकट्याने वापरायला देणे मला योग्य वाटत नाही. शेजारी बसून, त्याला ज्या विषयाची पक्की माहिती आहे त्यावरचे प्रश्न विचारायला लावून, उत्तरांतल्या चुका त्यालाच काढायला सांगाव्यात. हा खेळ मुलांना फार आवडतो.

‘लवकर आणि जास्त’ या मार्गाने जाऊन पाहिलेल्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ साली प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याची योजना मांडली आणि पेरू देशाने ती मोठ्या प्रमाणावर राबवली. तिथल्या ग्रामीण शाळांचा आंतर-अमेरिकी विकास बँकेने केलेला अभ्यास २०१२ साली आला, त्यात मुलांच्या गणितात आणि भाषेत लॅपटॉपमुळे सुधारणा आढळली नाही; लॅपटॉप वापरायला ती शिकली होती, एवढे खरे. प्रामुख्याने विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेनेही २०१५ साली नोंदवले की शाळांमधील संगणकांवर मोठा खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित किंवा विज्ञान यांत लक्षणीय प्रगती दिसली नाही. स्वीडनमध्ये बालवाड्यांत डिजिटल साधने सक्तीची होती. २०२३ साली तिथल्या सरकारने ती सक्ती उठवण्याचे ठरवले आणि शाळांना छापील पुस्तकांसाठी पैसे दिले. यावरून संगणक वाईट असा निष्कर्ष काढणारे लोक मला तितकेच उतावळे वाटतात. यंत्र दिल्याने यंत्र वापरता येते, बाकीचे काही त्यासोबत आपोआप येत नाही, इतकेच यातून दिसते.

राहता राहिली ती उशीर झालेली मुले. बारा वर्षे झाली आणि हिने संगणकाला हातही लावलेला नाही, आता कसे होणार, अशी काळजी करणारे पालक मला भेटतात. माऊस अशा मुलीला एका दुपारी येतो, कारण पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना जे महिनोन्महिने जमत नाही, ते बारा वर्षांच्या बोटांना जमतेच. टंकलेखन दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी बसते, आणि फाइल-फोल्डर समजायला तर मोठे वय उपयोगीच पडते. तिला वयाच्या मानाने सोपे म्हणून लहान मुलांचे खेळ देऊ नयेत. त्याने ती खट्टू होते. तिच्या आवडीचे एखादे खरे काम द्यावे: वर्गाचे हस्तलिखित टंकलिखित करून छापणे, आजीने सांगितलेल्या आठवणी लिहून साठवणे, खेळाच्या सामन्यांचे गुण तक्त्यात मांडून सरासरी काढणे. त्या कामात अडेल तेवढेच शिकवावे आणि पुढच्या अडचणीची वाट पाहावी.